पोपडा पडला, सळई दिसली: बडोद्यातल्या जुन्या स्लॅबची दुरुस्ती

गॅलरीच्या छताचा थाळीएवढा पोपडा एक दिवस खाली येतो आणि आत तांबूस, फुगलेली सळई दिसते. मग जे घडतं ते सगळ्या सोसायट्यांत एकसारखंच असतं. कडिया (गवंडी) येतो, हातोडीने चार सैल तुकडे पाडतो, सळईच्या दिसणाऱ्या बाजूवर रेड ऑक्साइड फासतो, सिमेंट-रेतीचा माल थापतो, वर पुट्टी आणि रंग. दोन पावसाळे निघतात. तिसऱ्या पावसाळ्यात तोच पोपडा हातभर मोठा होऊन पडतो, आणि दोष सिमेंटला दिला जातो.

दोष सिमेंटचा नसतो. सळईचा पुढचा अर्धा घेर साफ झाला, मागचा अर्धा त्याच मेलेल्या काँक्रीटमध्ये राहिला आणि तिथे गंजत राहिला. म्हणून या कामाची कसोटी एकच: थापी हातात घेण्याआधी सळईच्या मागून बोट फिरलं पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते फिरत नसेल तर माल कालवू देऊ नका.

सळई गंजते कशी

चांगल्या काँक्रीटच्या आतलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ ते १३. त्या वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि तो आहे तोवर सळई गंजत नाही, काँक्रीट थोडं ओलं असलं तरी. हा थर दोन गोष्टींनी मोडतो.

पहिली म्हणजे हवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. त्याचा वेग काळाच्या वर्गमुळाने चालतो. म्हणजे २५ वर्षांत २० मिमी आत शिरलं असेल तर गुणांक निघतो ४ (२० ला २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने, भागून), आणि २५ मिमी गाठायला साधारण ३९ वर्षं लागतात. वरवर पाहता ५ मिमी जास्तीच्या कव्हरला, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराला, काय अर्थ, असं वाटतं. तो अर्थ १४ वर्षांचा आहे. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० प्रमाणे सौम्य वातावरणातही सळईवर २० मिमी कव्हर हवं, मध्यम वातावरणात ३० मिमी, कॉलमला सहसा ४० आणि पायाला ५० मिमी. प्रत्यक्षात १९७५ ते ९५ च्या दरम्यानच्या फ्लॅटांत छज्जा आणि गॅलरीखाली ८-१० मिमी सापडणं ही रोजची गोष्ट आहे. तेव्हा कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली कपचीचा एखादा तुकडा सरकवायचे, आणि तो स्लॅब भरताना पायाखाली निसटायचा.

दुसरी म्हणजे क्लोराइड, मिठातला क्षार. बडोदा काही समुद्रकाठी नाही, तरी क्लोराइड इथे मागच्या दाराने येतो. बांधकामाच्या वेळी खारट बोअरचं पाणी वापरलं असेल तर तो सुरुवातीपासूनच आत आहे. भरतीचं पाणी येतं त्या पट्ट्यातली रेती न धुता वापरली असेल तरी तेच. आणि सगळ्यात दुर्लक्षित रस्ता म्हणजे बाथरूम धुवायचं ॲसिड. ते हायड्रोक्लोरिक असतं. टाइल पांढरीशुभ्र होते, पण सांध्यातून उतरलेलं ॲसिड चुना खातं आणि मागे क्लोराइड ठेवून जातं. वर्षानुवर्षं दर आठवड्याला बाटली ओतली जात असेल, तर खालच्या घराच्या छताला काय होतंय ते वेगळं सांगायला नको.

दोन्हींचा गंज वेगळा ओळखू येतो. कार्बोनेशनने सळई सगळीकडून सारखी झिजते, पापुद्रे सुटतात आणि काँक्रीट लवकर फुटून इशारा देतं, कारण गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट असतं. क्लोराइडने मात्र सळईला खड्डे पडतात. बाहेर जेमतेम एक डाग आणि आत सळई एका जागी अर्धी खाल्लेली. नुकत्याच फोडलेल्या जागी काळपट-हिरवट गंज दिसला आणि हवेत थोड्या वेळात तो तांबूस झाला, तर तिथे ओल कायम आहे आणि प्राणवायू कमी पोचत होता असं समजा. अशा ठिकाणी खड्डे शोधायचेच.

ठोकून बघणं

तपासणीला लागणारं सामान एका पिशवीत मावतं: २०० ग्रॅमची हातोडी, खडू, टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, टेप, वायर ब्रश आणि फेनॉल्फ्थॅलीनचं द्रावण. १ ग्रॅम भुकटी, ७० मिली अल्कोहोल आणि ३० मिली डिस्टिल्ड पाणी. स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवा. द्रावण पेट घेणारं आहे, जवळ विडी-सिगारेट नको.

छतावर वीतभर अंतराने हातोडी टेकवत जा, जोरात मारायची गरज नाही. निरोगी काँक्रीट ठणठणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द भागाला खडूने घेरा. हा घेर दिसणाऱ्या पोपड्याच्या दुप्पट-तिप्पट निघाला तर दचकू नका, तसाच निघतो. एक सावधगिरी: नुसतं प्लास्टर सुटलं असेल तरी आवाज बद्दच येतो. म्हणून दोन-तीन जागी प्लास्टर खरवडून काँक्रीटवर ठोकून पाहा. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर निदान कोपऱ्यातला एक पॅनेल उतरवा. वरचं बाथरूम गळतंय आणि खाली सुंदर कोव्ह लाइट लागलाय, अशा घरांत सगळ्यात वाईट सळया सापडतात.

भेगांची दिशा बघा. सळईच्या वाटेने सरळ जाणारी, कडेला तांबूस ओघळ असलेली भेग गंजाची. कॉलमच्या कोपऱ्यावरून उभी जाणारी भेगही गंजाचीच. प्लास्टरच्या जाळीदार बारीक भेगांकडे आज लक्ष देऊ नका.

आता फेनॉल्फ्थॅलीन. छन्नीने काँक्रीटचा ताजा तुकडा फोडा, धूळ फुंकून उडवा, पाणी लावू नका, आणि लगेच फवारा. गुलाबी झालं तो भाग अजून अल्कधर्मी आहे. रंगहीन राहिला तो कार्बोनेट झालेला. पृष्ठभागापासून गुलाबी रेघेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि शेजारीच सळईचं कव्हर मोजा. रेघ सळईच्या पुढे, म्हणजे आत गेली असेल, तर त्या भागातल्या आज चांगल्या दिसणाऱ्या सळयाही रांगेत उभ्या आहेत. एका मजल्यावर किमान ५-६ जागी ही चाचणी करा. गॅलरी, स्वयंपाकघर, जिना आणि आतली खोली यांचे आकडे वेगवेगळे येतात. ड्रिलची भुकटी भोकात पसरून गुलाबी रेघ पुसट करते, म्हणून छन्नीच बरी.

क्लोराइडचा संशय असेल तर वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन प्रयोगशाळेत द्या. आयएस ४५६ ची मर्यादा सळई असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागे ०.६ किलो आहे. इमारत मोठी असेल तर हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युतदाब मोजून गंज चालू आहे का ते पाहणारी) करून घ्या. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडवर आकडा उणे २०० मिलिव्होल्टपर्यंतच असेल तर बहुधा गंज चालू नाही, उणे ३५० च्याही पलीकडे गेला तर बहुधा चालू आहे, आणि मधला पट्टा संशयाचा. रीबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आदळून किती उसळतो त्यावरून ताकद सांगणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका: कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर खरं असतं त्याहून चांगलं काँक्रीट दाखवतो.

किती सळई उरली

गंजलेल्या सळईला वायर ब्रशने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा आणि सगळ्यात बारीक जागी व्हर्नियर लावा. व्यास थोडासा कमी झालेला दिसतो, पण ताकद क्षेत्रफळावर असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. ८ मिमीची सळई ७ वर आली तर २३ टक्के लोखंड गेलं. ६.५ वर आली तर ३४ टक्के. १६ मिमीची सळईही तशीच १ मिमी झिजून १५ झाली तर गेलं फक्त १२ टक्के. म्हणून स्लॅबच्या बारीक सळया आणि कॉलम-बीमच्या रिंगा (मुख्य सळयांना बाहेरून वेढणाऱ्या बारीक सळया) आधी संपतात, जाड सळया तग धरून असतात. रिंगा तर सळईच्याही बाहेर असल्याने त्यांना कव्हर सगळ्यात कमी मिळतं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये रिंगांचं महत्त्व वेगळं पटवून द्यायची गरज उरू नये, पण दुरुस्तीत त्या अजूनही बिनदिक्कत कापून टाकल्या जातात.

साधारण १० टक्क्यांपर्यंत घट असेल तर सळई साफ करून लेप देणं पुरतं. २० टक्क्यांच्या पुढे नवी सळई जोडायचीच. मधल्या घटीत निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, कारण सळई कुठल्या जागी आहे त्यावर तो ठरतो.

खालीलपैकी काहीही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि इंजिनिअर येईपर्यंत टेके लावून माणसं हलवा: कॉलमच्या उभ्या सळया बाहेर वाकलेल्या, रिंगा तुटलेल्या, बीमच्या टोकाशी तिरकी भेग, स्लॅब मधोमध झोळ आल्यासारखा खाली आलेला, किंवा गॅलरी पुढच्या बाजूला झुकलेली.

गॅलरीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे चूक हमखास होते. पुढे आलेली गॅलरी म्हणजे कॅन्टिलिव्हर, एकाच बाजूने धरलेला स्लॅब. तिची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, फरशीच्या खाली. खालून पोपडा पडून जी सळई दिसते ती बहुतेक दुय्यम. खालून हजार रुपयांचा माल थापून गॅलरी वाचली असं कुणी समजत असेल, तर ज्या सळईवर ती लटकली आहे ती पाहिलेलीच नाही. भिंतीलगत, जिथे गॅलरी बीमला मिळते, तिथल्या एक-दोन फरश्या उचला, खालचा माल काढा आणि वरची सळई बघा. फरशीचा उतार आतल्या बाजूला असेल तर पाणी नेमकं तिथेच मुरलेलं असतं.

आधी पाणी, मग लोखंड

पाण्याची वाट बंद न करता केलेली दुरुस्ती म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसत बसणं. अगाशीवर (गच्चीवर) चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, असेल तर तुटलेले तुकडे, उघडे सांधे आणि पॅरापेटच्या बुडाचा गोळा तपासा. गळती बहुतेक वेळा मध्ये नसते, या कडेला किंवा पाइपच्या तोंडाशी असते. उतार १०० ला १ तरी हवा. २५ मिमी पाणी २४ तास साठवून बघता येतं, पण त्याचं वजन चौरस मीटरला २५ किलो होतं. ज्या स्लॅबच्या सळया खालून लोंबतायत त्यावर ही चाचणी करू नका, एकेका कोपऱ्यात पाणी सोडून बघा.

बाथरूममध्ये संशय नहाणी ट्रॅपच्या सांध्यावर, मग कमोडच्या कॉलरवर, मग टाइलच्या सांध्यांवर. गळतीची जागा हुडकायला एका वेळी एकाच ठिकाणी रंगीत पाणी सोडा आणि खाली कापूस बांधून ठेवा. दुरुस्तीनंतर ॲसिडची बाटली घरातून हद्दपार. साधं डिटर्जंट आणि ब्रश. हे वरच्या मजल्यावरच्या काकूंना पटवायचं काम इंजिनिअरिंगपेक्षा अवघड आहे, पण त्याशिवाय खालचा खर्च वाया जातो.

काम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. मे महिन्यात ४२ अंशांत माल थापता थापता सुकतो आणि इपॉक्सी डब्यातच घट्ट होतो. पावसात काँक्रीट कधीच कोरडं होत नाही.

पहिलं, टेके. १२५ मिमीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३१० किलोचा, वर फरशी आणि कोबा धरून ४५० पर्यंत सहज जातो. लोखंडी जॅक, वर आडवी फळी, खाली जाड फळी, आणि टेका खालच्या मजल्यावर थांबवायचा नाही. त्याच ओळीत खालच्या मजल्यांतही टेके देत जमिनीपर्यंत न्यायचा. जॅक हाताने घट्ट होईल इतकाच आवळा. स्लॅब उचलायला गेलात तर नव्या भेगा तुम्हीच पाडाल.

दुसरं, कापणी. खडूच्या घेराबाहेर चौकोनी आखणी करा आणि कडा ग्राइंडरने १० मिमी खोल, काटकोनात कापा. कव्हरच १० मिमी असेल तर ५-६ वर थांबा, नाहीतर चकती सळई कापेल. ही कापलेली कड फार महत्त्वाची आहे. निमुळती होत शून्यावर येणारी कड कितीही महाग मालाने भरली तरी वर्षभरात उलगते.

तिसरं, सळईच्या मागे जाणं. हलका ब्रेकर किंवा छन्नी-हातोडा; जड ब्रेकर शेजारचं चांगलं काँक्रीट खिळखिळं करतो. सळईच्या पूर्ण घेराभोवती, मागे २० ते २५ मिमी जागा होईपर्यंत फोडायचं. लांबीत कुठे थांबायचं? गंज संपून निरोगी लोखंड दिसल्यावर आणखी किमान ५० मिमी. इथेच कडिया कुरकुरतो, कारण खडूच्या घेरात २ चौरस फूट दिसणारं काम ५ चौरस फुटांवर जातं. एका वेळी किती मोठा भाग उघडायचा हे टेक्यांवर ठरवा. मोठी खोली असेल तर पट्ट्यापट्ट्याने घ्या.

चौथं, सफाई. सँड ब्लास्टिंग सगळ्यात उत्तम, घरात जमत नाही. मग ड्रिलला लावलेला वायर कप ब्रश आणि मागच्या बाजूला हाताचा ब्रश. मागची बाजू बघायला लहान आरसा धरा. गंज काढायचं रसायन वापरायचं तर तयार रस्ट रिमूव्हर घ्या आणि नंतर ओल्या फडक्याने पूर्ण पुसा. बाथरूमचं ॲसिड सळईला लावणारे लोक अजून आहेत, ते थांबवा. खड्डे पडलेल्या सळईचे खड्डे टोकदार खिळ्याने खरवडून रिकामे करा, क्लोराइड तिथेच दडलेला असतो.

पाचवं, नवी सळई. जुन्या सळईला लागून, झिजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना व्यासाच्या ५० पट लॅप (जुन्या-नव्या सळईची एकमेकींना लागून राहणारी लांबी): ८ मिमीला ४०० मिमी, १० ला ५००. एवढी लांबी उघडता येत नसेल तर बाजूच्या बीममध्ये भोक पाडून इपॉक्सी ग्राउटने सळई बसवतात. भोकाचा व्यास सळईपेक्षा ४ मिमी जास्त. खोली इंजिनिअर सांगेल. भोक ब्लोअरने आणि ब्रशने आलटून पालटून साफ केलं नाही तर सळई धुळीला चिकटते, काँक्रीटला नाही. जुन्या पिळाच्या टोर सळयांना वेल्डिंग करू नका. उष्णतेने त्यांची पिळाने आलेली ताकद जाते.

सहावं, लेप. सळईला झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर किंवा पॉलिमर-सिमेंटचा गंजरोधक लेप, दोन हात, दोहोंमध्ये डब्यावर लिहिलेलं अंतर. साफ केल्यावर लेप त्याच दिवशी द्या. हवा दमट असली तर रात्रीत पुन्हा तांबूस झाक येते. रेड ऑक्साइड नको. ते सळईला धरतं पण नवा माल त्याला धरत नाही.

सातवं, बॉण्ड कोट, जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवणारा थर. सिमेंटचा माल असेल तर जुनं काँक्रीट आदल्या दिवशी भिजवा आणि काम करताना ते आत ओलं, वर पाण्याचा चकाकता थर नसलेलं असावं. एसबीआर लेटेक्स (मालात मिसळायचं रबरी पॉलिमरचं दुधाळ द्रव) आणि पाणी समप्रमाणात, त्यात सिमेंट कालवून खिरीएवढं दाट करा, ब्रशने घासून लावा आणि ते ओलं असतानाच माल चढवा. बॉण्ड कोट सुकला तर तो चिकटवत नाही, उलट दोन थरांमध्ये पापुद्रा बनून राहतो. इपॉक्सी बॉण्ड वापरलात तर पृष्ठभाग कोरडा हवा आणि चिकट आहे तोवरच माल.

आठवं, माल. १० किलो सिमेंट, ३० किलो धुतलेली, चाळलेली रेती किंवा क्वार्ट्झ सँड, २ लिटर एसबीआर, आणि पाणी साधारण २ ते २.५ लिटर. रेती ओली असेल तर पाणी कमी. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि हाताला पाणी सुटलं नाही की झालं. पाणी आजवा तलावाचं, नळाचं वापरा. बोअरचंच वापरायचं तर आधी तपासून घ्या, कारण सळईच्या कामाला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. रेती ओरसंग नदीची मिळाली तर चाळून, धुऊन घ्या. मातीचा अंश राहिला की माल आकसतो. एका घाणीत अर्ध्या तासात संपेल इतकाच माल. घट्ट झालेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा चालवला की दुरुस्ती तिथेच मेली.

छताला एका थरात १० ते १५ मिमी, उभ्या बाजूला २० मिमी. आधी सळईच्या मागे बोटाने माल दाबून भरायचा, मग पुढे. पहिला थर खरबरीत ठेवा आणि घट्ट झाल्यावर पुढचा. जाडी ४०-५० मिमीच्या वर जात असेल तर थापण्याचा नाद सोडा. तिथे साचा बांधून मायक्रोकाँक्रीट (पिशवीत तयार मिळणारं, बारीक खडीचं, पातळ वाहणारं काँक्रीट) ओता.

क्युरिंगच्या बाबतीत पॉलिमर माल साध्या मालासारखा नसतो. पहिले २४ ते ४८ तास ओलं गोणपाट, मग हवेत सुकू द्यायचं. आठवडाभर पाणी मारत राहिलं तर लेटेक्सचा पापुद्रा नीट तयार होत नाही. मायक्रोकाँक्रीटला मात्र ७ दिवस ओल हवीच. टेके इंजिनिअर सांगेल तेव्हाच काढा, आणि काढताना मधून कडेकडे.

क्लोराइडवाल्या स्लॅबमध्ये एक वेगळं दुखणं उद्भवतं. दुरुस्त केलेला तुकडा निरोगी होतो आणि त्याच्या कडेच्या जुन्या काँक्रीटमधली सळई आता जास्त जोराने गंजू लागते, कारण नवा भाग कॅथोड आणि जुना भाग ॲनोड, म्हणजे गंजणारी बाजू, बनतो. दोन वर्षांनी पॅचभोवती अंगठीसारखी भेग दिसते ती हीच. उपाय म्हणजे क्लोराइडने भरलेलं काँक्रीट हात राखून न ठेवता काढणं, किंवा पॅचच्या कडेला सळईला तारेने जस्ताचे सॅक्रिफिशियल ॲनोड (स्वतः झिजून सळई वाचवणारे तुकडे) बांधणं. ॲनोड आणि सळई यांच्यात विद्युत जोड पक्का हवा, म्हणून बांधण्याच्या जागी लेप लावायचा नाही.

विश्वामित्रीच्या पुरानंतरचे कॉलम

ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात पार्किंगचे कॉलम दिवसेंदिवस गटारमिश्रित पाण्यात उभे होते. एका पुराने कॉलम जात नाही. पण खालच्या दोन-तीन फुटांत प्लास्टर किंवा डॅडोच्या (खालच्या भागाला लावलेल्या) टाइल्स ओल धरून ठेवतात, आणि ओलं-कोरडं होत राहिलेला पट्टाच सळईला सगळ्यात वाईट. अशा कॉलमच्या टाइल्स काढा, प्लास्टर १ मीटरपर्यंत खरवडा आणि कोपरे ठोका. लिफ्टच्या खड्ड्यातही उतरून बघा. तिथे पुराचा गाळ वर्षभर तसाच असतो.

कॉलमचं फोडकाम चारही बाजूंनी एकदम कधीही नाही. वरचे बीम टेक्यावर घ्या, एक बाजू उघडा, बंद करा, मग दुसरी. २३० बाय ३०० च्या कॉलमला चहूबाजूंनी ५० मिमी मायक्रोकाँक्रीट ०.९ मीटर उंचीपर्यंत द्यायचं तर लागतं ५७ लिटर. २५ किलोच्या पिशवीतून १२ ते १३ लिटर निघतो, म्हणजे ५ पिशव्या. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापाने. बादलीने अंदाजे ओतलं की वर पाणी सुटतं आणि खाली खडी बसते. साचा घट्ट, सांधे पुट्टीने बंद, आणि ओतायचं एकाच बाजूने, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. हा आच्छादनाचा थर आहे. कॉलमची ताकद वाढवायचं जॅकेट वेगळं, त्याचा आराखडा इंजिनिअरकडूनच.

कंत्राट करताना

चौरस फुटाचा सरसकट दर ठरवला की फोडकाम कमी होणार हे ठरलेलंच. दर तीन भागांत मागा: फोडून सळई उघडी करणं, सळईची सफाई-लेप-जोड, आणि भरणं. मोजमाप फोडल्यानंतर, कापलेल्या चौकोनाचं. करारात दोन थांबे लिहा. सळई साफ झाल्यावर लेपाआधी एक, लेप झाल्यावर मालाआधी दुसरा. दोन्ही वेळी सोसायटीच्या माणसाने शिडीवर चढून बघायचं आणि शेजारी टेप धरून फोटो काढायचा. सिमेंट, लेटेक्स आणि लेपाचे डबे सीलबंद आले पाहिजेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत फेकायचे नाहीत. डबे मोजले की माल किती वापरला ते आपोआप कळतं: २ लिटरला १० किलो सिमेंट या हिशेबाने ५० किलोच्या पिशवीमागे १० लिटर एसबीआर संपायला हवा.

भरलेला भाग ७ दिवसांनी पुन्हा ठोका. बद्द वाजला तर तेवढा तोडून परत. २८ दिवसांनंतर बाहेरच्या बाजूंना अँटी-कार्बोनेशन कोटिंग द्या, नुसत्या पॅचवर नाही, पूर्ण पृष्ठभागावर, म्हणजे अजून न फुटलेल्या सळयांनाही काही वर्षं मिळतील. मग पहिला पावसाळा गेल्यावर, नवरात्राच्या आसपास, हातोडी आणि खडू घेऊन एकदा परत फिरा, आणि जुन्या घेरांच्या फोटोशेजारी नवे घेर ठेवून बघा.